दहा गुंठ्यांची सामुदायिक परसबाग: सुरुवात तीन गुंठ्यांपासून, वाढ मे महिन्याच्या पाण्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे: मराठवाड्यातलं गाव, बचत गटाच्या बारा जणी, अंगणवाडीमागे ग्रामपंचायतीची दहा गुंठे पडीक जागा, शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीतून पाणी द्यायची त्याची तयारी. इथे सगळ्यांनी मिळून भाजीपाल्याची परसबाग करायची आहे. सुरुवात कशी करावी आणि पुढे वाढवावी कशी?

ताई, आधी एक आकडा मांडते, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मीटरभर रुंद आणि दहा मीटर लांब असा एक वाफा धरा. हंगामाच्या साधारण शंभर दिवसांत त्यातून सरासरी पंधरा किलो भाजी निघते. पालेभाजीच्या वाफ्यात थोडी कमी, टोमॅटो-वांग्याच्या वाफ्यात जास्त. दहा गुंठ्यांत पायवाटा सोडून असे ५५ वाफे बसतात, म्हणजे दिवसाला आठ किलोच्या आसपास भाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत माणशी रोज ४०० ग्रॅम भाजीपाला सांगितला आहे. बारा घरं, घरटी पाच माणसं धरली तर रोज २४ किलो लागतात. म्हणजे दहाही गुंठे उत्तम पिकले तरी गरजेचा तिसरा हिस्सा भागेल. हे पहिल्या बैठकीतच सांगून टाका. ‘आता बाजारातून भाजी आणायलाच नको’ असं सांगून सुरू केलेल्या बागेतून दुसऱ्याच महिन्यात नाराज बायका गळायला लागतात.

आणि पहिल्या वर्षी दहा गुंठे करूच नका. तीन गुंठे करा, सोळा वाफे. त्यातून आठवड्याला घरटी दीड किलोच्या आत-बाहेर भाजी मिळेल. कमी वाटेल, पण ती वर्षभर मिळेल. ग्रामीण भागातल्या सामुदायिक बागा जागा कमी पडली म्हणून बंद पडत नाहीत. मे महिन्यात पाणी पुरलं नाही किंवा कामाची पाळी विस्कटली की बंद पडतात. या दोन गोष्टी तीन गुंठ्यांवर सांभाळता आल्या तर दहा गुंठे जड जात नाहीत.

जागेचा कागद

जागा ‘ग्रामपंचायतीची’ असं गावात तोंडी सांगतात, पण ती गावठाणातली मोकळी जागा आहे की गायरान, हे सातबारा आणि ग्रामपंचायतीचं दप्तर पाहून आधी नक्की करा. गायरान असेल तर ग्रामपंचायतीचा नुसता ठराव पुरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले आहेत आणि तेव्हापासून महसूल खातं याबाबत कडक आहे. तीन वर्षं घाम गाळून केलेली बाग ‘अतिक्रमण’ ठरू नये म्हणून गायरान निघालं तर सरळ दुसरी जागा बघा. शाळेचं आवार चालेल, नाहीतर कुणाची खासगी जमीन लेखी कराराने घ्या.

गावठाणातली जागा असेल तर २६ जानेवारी किंवा १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा. ठरावात गट नंबर, चतुःसीमा, क्षेत्र आणि मुदत लिहून घ्या. किती मुदतीपर्यंत ग्रामपंचायत स्वतः जागा देऊ शकते आणि कुठे वरची मंजुरी लागते, ते ग्रामसेवकांना विचारून घ्या. आणखी एक वाक्य ठरावात हवंच: मुदत संपल्यावर कुंपण, टाकी आणि झाडं कुणाची? हे लिहिलेलं नसलं की सरपंच बदलल्यावर वाद तिथेच पेटतो.

पाण्याचंही तसंच. शेजारी आज देतो म्हणतो ते मनापासूनच, पण एप्रिलमध्ये त्याचा ऊस किंवा कडवळ सुकायला लागलं की त्यालाही इलाज नसतो. साध्या कागदावर लिहा: दिवसाला किती लिटर, कुठल्या वेळेला, विजेचा वाटा किती आणि मोबदल्यात काय. नळयोजनेच्या पाण्याला मात्र हात लावू नका. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटरचं आहे, ते पिण्या-वापरण्याचं पाणी. त्यावर बाग भिजवली की उन्हाळ्यात अख्खं गाव बागेच्या विरोधात उभं राहतं.

पाणी मोजायचं कसं

एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एवढं लक्षात ठेवलं की हिशेब सोपा होतो. मराठवाड्यात हिवाळ्यात भाजीपाल्याला दिवसाला चौरस मीटरमागे तीन ते चार लिटर लागतं, मे महिन्यात सात ते आठ. सोळा वाफे म्हणजे १६० चौरस मीटर. हिवाळ्यात ५०० ते ६५० लिटर, मेमध्ये ११०० ते १३०० लिटर. सगळे ५५ वाफे केले तर मेमध्ये रोज चार हजार लिटरच्या पुढे जातं. जाड आच्छादन असेल तर यात पाव हिस्सा वाचतो.

आता विहिरीकडे या. तिचं पाणी मोजायला दोनशे लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरतं. ड्रम भरायला किती वेळ लागतो ते बघा, मग पंप हवा ओढायला लागेपर्यंत किती वेळ चालतो आणि बंद केल्यावर पुन्हा तेवढं पाणी यायला किती तास लागतात ते लिहा. हे माप मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. नोव्हेंबरमधल्या तुडुंब विहिरीवर उन्हाळ्याचा अंदाज बांधू नका.

शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून साठवण हवीच. दोन हजार लिटरची काळी टाकी घ्या. पांढऱ्या टाकीत ऊन शिरतं, शेवाळ धरतं आणि ते ठिबकमध्ये अडकतं. टाकी दोन मीटर उंचीवर ठेवायची तर दगड-विटांचा भरीव ओटा बांधा. भरलेली टाकी दोन टनांची असते, लोखंडी अँगलच्या घोडीवर ती काही महिन्यांत कलते.

ठिबकच्या बाबतीत नेहमी होणारी चूक सांगते. दुकानदार ‘तासाला चार लिटर’ची इनलाइन, म्हणजे आतच तोट्या बसवलेली नळी देतो, पण ते चार लिटर पंपाच्या दाबावर. दोन मीटर उंचीच्या टाकीवरून त्याच तोटीतून तासाला पावणेदोन लिटरच्या आसपास पडतं. बायका उन्हाळ्यातही नेहमीच्या अंदाजाने पंधरा मिनिटं पाणी सोडतात, माती वरून ओली दिसते आणि मुळाशी कोरडं राहतं. तुमचा हिशेब असा करा: एका वाफ्यावर १६ मिलिमीटरच्या दोन नळ्या, तोट्यांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर, म्हणजे वाफ्याला ६६ तोट्या आणि तासाला सुमारे १२० लिटर. हिवाळ्यात १५ ते २० मिनिटं, मेमध्ये ३५ ते ४० मिनिटं. एका वेळी चारच वाफे सुरू ठेवा. नळी पंधरा-वीस मीटरपेक्षा लांब नेऊ नका, नाहीतर शेवटच्या झाडांना थेंबही मिळत नाही. टाकीखाली जाळीची गाळणी बसवा, ती दोन दिवसांनी धुवा आणि आठवड्यातून एकदा नळ्यांची टोकं उघडून गढूळ पाणी वाहून जाऊ द्या. शंका आली तर तोटीखाली वाटी ठेवून मोजून बघा.

जमीन तयार करणं

अंगणवाडीमागच्या जागेत बहुतेक वेळा बांधकामाचा राडारोडा, काच आणि प्लास्टिक गाडलेलं असतं. चार ठिकाणी दोन-दोन फूट खड्डे घेऊन बघा. त्यातल्याच एका खड्ड्यात पाणी भरा. काही तासांत जिरलं तर निचरा ठीक. दुसऱ्या दिवशीही साचलेलं दिसलं तर वाफे उंच करावे लागतील आणि कडेने चर काढावा लागेल.

मातीचा नमुना आठ-दहा जागांवरून घ्या. इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा करून त्याच्या कडेची माती खरवडा, सगळी एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जा आणि शेवटी उरलेली अर्धा किलो सावलीत वाळवून कृषी विज्ञान केंद्रात द्या. पाण्याचीही तपासणी करून घ्या. पाणी खारट निघालं तर घेवडा आणि मिरची टिकणार नाहीत, पालक-बीट तग धरतील.

पडीक जागेचा खरा शत्रू हरळी आणि लव्हाळा. इथे रोटाव्हेटर मारू नका. तो हरळीचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकडा नवं झाड होतो. पहिल्या पावसानंतर जागा हिरवीगार दिसते ती भाजीने नव्हे, हरळीने. एप्रिलमध्ये खोल नांगरट करा, ढेकळं महिनाभर उन्हात तापू द्या आणि मुळ्या, लव्हाळ्याच्या गाठी हाताने वेचून बाहेर काढा. तीन गुंठ्यांना बारा जणींचे चार-पाच दिवस जातात. काम कंटाळवाणं आहे, पण पुढच्या दोन वर्षांची खुरपणी यात वाचते. वेचलेल्या मुळ्या खताच्या खड्ड्यात टाकू नका, वाळवून जाळा. गाजर गवत मात्र फुलावर येण्याआधी उपटलं तर खतात चालतं. उपटताना हातमोजे घाला, अंगावर पुरळ येतं.

जमीन मुरमाड असेल तर तलावातला गाळ घाला. एका गुंठ्यावर दोन इंचांचा थर द्यायचा तर सुमारे १८० घनफूट, म्हणजे दोन ब्रासच्या आत गाळ लागतो. भारी काळी जमीन असेल तर गाळाची गरज नाही, तिथे गादीवाफे करा: रुंदी एक मीटर, उंची १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये अर्ध्या मीटरची वाट. मीटरपेक्षा रुंद वाफा केला की मधलं तण काढायला पाय आत टाकावा लागतो आणि काळी माती पायाखाली घट्ट बसते.

बऱ्याच ठिकाणी गोल, सात पाकळ्यांची परसबाग दाखवतात, आठवड्याच्या सात दिवसांना सात भाज्या. एका घराच्या अंगणात, कळशीने पाणी घालायचं असेल तर ती छान आहे. बारा जणींच्या बागेत ती अडचणीची होते. ठिबकची सरळ नळी गोलात बसत नाही, वाफे सारख्या मापाचे नसल्याने वाटपाचा हिशेब लागत नाही. तुम्ही आयताकृतीच करा.

शेवगा, हादगा, पपई, कढीपत्ता अशी उंच झाडं उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कडेला लावा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. दक्षिणेला शेवगा लावला तर ऐन मेथी-पालकाच्या दिवसांत वाफे सावलीत जातात. पश्चिमेची झाडं उन्हाळ्यातला झळांचा वारा अडवतात.

कुंपण बियाण्याच्या आधी

एक शेळी अर्ध्या तासात महिन्याभराचं काम खाऊन जाते. दहा गुंठ्यांचा घेर साधारण १३० मीटर. पाच फुटी जाळी आणि दर आठ-दहा फुटांवर खांब धरला तर ४५ ते ५० खांब लागतात. पैसे नसतील तर यंदा तीन गुंठ्यांपुरती बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी घाला आणि तिच्या आतून जूनमध्ये गिरिपुष्पाची मीटरभर लांब खोडं फूट-फूट अंतरावर रोवा. दोन वर्षांत जिवंत कुंपण होतं आणि त्याचा पाला खताला मिळतो. गावात मोकाट डुकरं असतील तर जाळी फूटभर जमिनीत गाडा, नाहीतर बुडाशी दगड रचा. डुक्कर खालून उकरतं, उंच जाळीचा त्याला फरक पडत नाही. फाटक एकच ठेवा आणि ते आपोआप बंद होईल असं करा. फाटकाला मागून दगड बांधलेली दोरी लावली तरी काम भागतं.

खत

भाजीपाल्याला गुंठ्याला हंगामी २०० ते २५० किलो चांगलं कुजलेलं खत लागतं. ‘कुजलेलं’ हा शब्द महत्त्वाचा. ओलं शेण आणून टाकलं की त्यासोबत हुमणीची अळी येते, वाळवी येते, आणि रोपं मुळाशी कुरतडली जाऊन उभ्या उभ्या सुकतात. मग दोष रोपांना दिला जातो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी रुजवलेली नाडेप पद्धत तुमच्यासाठी अगदी योग्य आहे, कारण तिला शेण कमी लागतं. आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोकं सोडलेलं विटांचं टाकं बांधा. त्यात सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला, काडीकचरा मिळून चौदाशे-पंधराशे किलो, शेण ९० ते १०० किलो आणि चाळलेली माती सुमारे १७५० किलो जाते. सहा इंच कचऱ्याचा थर, त्यावर चार किलो शेण कालवलेलं सव्वाशे-दीडशे लिटर पाणी, त्यावर पन्नास-साठ किलो माती, असे थर वरपर्यंत रचा आणि शेणमातीने लिंपून घ्या. पंधरा-वीस दिवसांनी कचरा आठ-नऊ इंच खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून पुन्हा लिंपा. वरच्या भेगा बुजवत राहा. तीन ते चार महिन्यांत अडीच-तीन टन खत तयार होतं. फेब्रुवारीत भरलेलं टाकं जूनच्या पेरणीला येतं. पुढे दहा गुंठ्यांवर गेलात तरी एका हंगामाला एक टाकं पुरतं.

जीवामृत करायचं तर जरूर करा. दहा गुंठ्यांना ५० लिटर पुरतं: अडीच किलो शेण, अडीच लिटर गोमूत्र, अर्धा किलो गूळ, अर्धा किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दोन दिवसांनी वापरायला घ्या आणि आठवड्यात संपवा. पण ते खताऐवजी नाही, खतासोबत आहे. जीवामृत ठिबकमधून सोडू नका, तोट्या बुजतात. मगाने बुडाशी घाला.

काय आणि कधी पेरायचं

जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, वांगी, मिरची, आणि कुंपणाच्या कडेने मांडवावर दोडका, कारलं, दुधी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मेथी, पालक, शेपू, चुका, कोथिंबीर, मुळा, गाजर, टोमॅटो, घेवडा, कांदा, लसूण. जानेवारीच्या शेवटी पुन्हा भेंडी, गवार, काकडी, भोपळा आणि तांदुळजा. उन्हाळ्यात पाणी कमी पडत असेल तर निम्मेच वाफे चालू ठेवा, बाकीच्यांवर भुसकट किंवा पाचटाचं तीन-चार इंच आच्छादन घालून विश्रांती द्या. पालेभाजीच्या दोन वाफ्यांवर निम्म्या सावलीची हिरवी शेडनेट बांधा.

वाण संकरित नको, सरळ वाण निवडा, म्हणजे बी घरी धरता येतं. भेंडीत परभणी क्रांती, वांग्यात मांजरी गोटा, पालकात ऑल ग्रीन, गवारीत पुसा नवबहार, दुधीत सम्राट, कारल्यात फुले ग्रीन गोल्ड, कांद्यात एन २-४-१, शेवग्यात पीकेएम-१. आपल्या भागात चालणारे गावरान वाण घरोघरी असतील तर ते आधी. आणि कुर्डू, घोळ, टाकळा कडेला आपोआप उगवतात, ते तण समजून सरसकट उपटू नका. पावसाळ्याच्या सुरुवातीला, बागेची पहिली भाजी येण्याआधी, तीच ताटात असते.

पालेभाजी एका दिवशी सगळी पेरायची नाही. मेथीला दहा चौरस मीटरच्या वाफ्याला २५ ते ३० ग्रॅम बी लागतं आणि तीस-पस्तीस दिवसांत सात-आठ किलो मेथी एकदम काढणीला येते. चार वाफे एकाच दिवशी पेरले तर तीस किलो मेथी एका आठवड्यात वाटावी लागते आणि पुढचा महिना कोरडा. दर दहा दिवसांनी एक वाफा पेरा. धने पेरण्याआधी हलक्या हाताने रगडून दोन फाका करा, अख्खा धना उशिरा आणि विरळ उगवतो.

टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं स्वतः करा. तीन मीटर बाय एक मीटरचा गादीवाफा घ्या. एप्रिल-मेमध्ये तो ओला करून पारदर्शक प्लास्टिकने महिनाभर झाकला तर तण आणि रोगकारक बुरशी बरीच मरते. बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा, ओळींत दहा सेंटिमीटर अंतर ठेवा, बी दीड सेंटिमीटरच्या खाली नको. वरून ४० मेशची, म्हणजे इंचाला चाळीस छिद्रांची जाळी लावली की पांढरी माशी रोपांपासून दूर राहते. विषाणूची लागण बहुधा इथेच होते, दिसते मात्र महिन्याने. रोपं बुडातून पिचकून कोलमडायला लागली तर पाणी जास्त होतंय असं समजा. संध्याकाळी पाणी देणं बंद करा.

कीड: काय बघायचं

वांग्याचा शेंडा भर सकाळी, माती ओली असताना मान टाकलेला दिसला तर तो पाण्याअभावी नाही. तो शेंडा कोमेजलेल्या भागाच्या इंचभर खालून खुडा आणि नखाने उभा चिरा. आत फिकट गुलाबी अळी दिसेल. सगळे असे शेंडे साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका, बांधावर फेकू नका, अळी तिथून पुन्हा येते. आठवड्यातून दोनदा हे केलं आणि दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे) लावले तर फवारणी क्वचितच लागते.

टोमॅटोमध्ये मधून मधून झेंडू लावतात, पण बहुतेक जण दोन्हीची रोपं एकाच दिवशी तयार करतात आणि मग उपयोग होत नाही. झेंडूचं रोप चाळीस दिवसांचं आणि टोमॅटोचं पंचवीस दिवसांचं असताना लागवड केली तर दोन्हींना फुलं एकाच वेळी येतात आणि फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग अंडी झेंडूवर घालतो. दोडका-कारल्याला फळमाशीचा सापळा फुलं दिसताच लावा. फळं सडल्यावर लावण्यात अर्थ नाही. भेंडीची पानं पिवळी जाळीदार झाली तर ते झाड उपटा, तो रोग औषधाने बरा होत नाही.

निंबोळी अर्क घरचा करा. जूनमध्ये पडलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवा. पंधरा लिटरच्या पंपाला ७५० ग्रॅम निंबोळ्या कुटून फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून गाळा, ३० ग्रॅम साबणाचा चुरा मिसळा आणि उन्हं उतरल्यावर फवारा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

फवारणीचा पंप बागेचा वेगळाच हवा. गावातला मागून आणलेला पंप तणनाशकाचा असतो, दोनदा धुतला तरी अंश राहतो. टोमॅटो-वांग्याची नवी पानं अरुंद, दोरीसारखी वळलेली निघाली की सगळे ‘व्हायरस’ म्हणतात. एकाच दिवसात ओळच्या ओळ तशी दिसली तर ते बहुधा टू-फोर-डी या तणनाशकाचं काम असतं, पंपातून आलेलं किंवा शेजारच्या उसावरून वाऱ्याने आलेलं. शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा, वारा बागेकडे असेल त्या दिवशी तणनाशक मारू नये म्हणून.

माणसांची घडी

सगळं सामाईक ठेवलेली बाग सहा महिन्यांत दोन-तीन जणींच्या अंगावर पडते. सगळं वाटून दिलं तर पाणी आणि कुंपण कुणाचंच राहत नाही. मधला मार्ग चांगला चालतो: सोळापैकी बारा वाफे प्रत्येकीला एक-एक, तिने हवं ते पेरावं, चार वाफे, रोपवाटिका, खताचं टाकं आणि कडेची झाडं सामाईक. पाणी सोडायची पाळी दोघींची, आठवड्याने बदलणारी. एकटीची पाळी लावू नका. माहेरी जाणं, दवाखाना, सुगी यात ती चुकतेच आणि मेमध्ये दोन दिवस चुकले तर वाफा जातो.

वही एकच ठेवा, पण रोज लिहा: तारीख, कोण आलं, किती वेळ पाणी सोडलं, कुठल्या वाफ्यातून किती किलो निघालं, काय फवारलं. भाजी तागडीत तोलूनच वाटा, मैत्रिणींमध्येही. सामाईक वाफ्यांतला एक ठरावीक हिस्सा अंगणवाडीला द्या. मुलांच्या ताटात बागेचा पालक दिसला की गावात बागेला हक्काचे पाठीराखे मिळतात. पाळी चुकली तर दंड पैशांत न ठेवता कामात ठेवा, एक जादा पाळी. गटातली सगळ्यात गरीब बाई दंडाच्या पैशांमुळे बाहेर पडते, आणि बागेची गरज तिलाच सगळ्यात जास्त असते. सोयाबीनच्या काढणीत आणि दिवाळीत कुणालाच वेळ नसतो, त्या पंधरवड्यात मोठं काम ठरवू नका.

वाढ

पहिलं वर्ष संपताना मेच्या अखेरीस वही उघडा. विहिरीने बागेला रोज किती पाणी दिलं आणि त्यातलं किती शिल्लक राहत होतं? रोज १२०० लिटर वापरून आणखी हजारभर सहज मिळत असेल तर तीनाचे सहा गुंठे करा. मिळत नसेल तर सहा गुंठे फक्त पावसाळा-हिवाळ्यात पिकवा आणि उन्हाळ्यात तीनच ठेवा. यात कमीपणा नाही. दुसरं बघायचं ते हजेरी: शेवटच्या तीन महिन्यांत दहापैकी आठ पाळ्या तरी पार पडल्या का? नसतील तर आणखी एक वर्ष आहे तेवढंच ठेवा. नवीन जागेची नांगरट आणि हरळी वेचणं एप्रिलमध्येच उरकलेलं असावं, नाहीतर विस्तार एक हंगाम पुढे ढकला.

जागा न वाढवताही बाग वाढते, आणि माझ्या मते ती वाढ जास्त मोलाची. सामाईक रोपवाटिकेत जून आणि ऑक्टोबरला ९८ खणांचे दहा ट्रे भरा. जवळजवळ हजार रोपं होतात. बारा घरांच्या मोरीच्या पाण्यावर चार वांगी, चार मिरच्या, एक शेवगा, एक पपई लागली की प्रत्येक घरी एक छोटी परसबाग उभी राहते. मोरीचं पाणी दगड-खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून फळझाडांना, केळीला, अळूला द्या, कच्च्या खायच्या पालेभाजीला नको. उरलेली रोपं गावात विका. भाजीपेक्षा रोपं विकणं सोपं असतं, आणि त्या पैशातून पुढच्या वर्षीच्या नळ्या-जाळ्या निघतात. भाजीची विक्री आठवडी बाजारात करायचीच असेल तर घरांचं आणि अंगणवाडीचं भागल्यावर उरेल तेवढीच. विक्री आधी सुरू झाली की चांगली भाजी बाजारात आणि उरलीसुरली घरात, असं होतं.

तिसऱ्या वर्षापर्यंत बी आपलं असावं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली ती गावरान बियाणं जपण्यासाठीच, आणि ते काम त्यांनी घराच्या परसातूनच उभं केलं. वाल, चवळी, घेवडा, टोमॅटो यांचं बी धरायला सोपं, कारण त्यांचा दुसऱ्या वाणाशी संकर क्वचित होतो. दुधी, दोडका, भोपळा यांचे प्रत्येकी एकच वाण बागेत ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी काय उगवेल ते सांगता येत नाही. हंगामाच्या शेवटी उरलेली वाकडी फळं बियाला ठेवण्याची सवय मोडा. पीक ऐन भरात असताना सगळ्यात निरोगी झाड निवडून त्याला रंगीत चिंधी बांधा आणि त्याची दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातली फळं खुडूच नका. टोमॅटोचा गर दीड-दोन दिवस आंबवून बी धुवा, सावलीत वाळवा, राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर वाण व तारीख लिहा.

मेच्या शेवटी प्रत्येक बरणीतलं शंभर बी ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी मोजा. सत्तरच्या वर उगवलं तर नेहमीच्या मापाने पेरा. साठ-सत्तरच्या मध्ये असेल तर थोडं दाट पेरा. साठच्याही खाली गेलं तर ते बी पेरू नका, कृषी विज्ञान केंद्रातून नवं आणा.